कमिटीचं पान

काका, परवाच्या पेपरात एक बातमी आली. वरच्या कोर्टानं वकिलांच्या कुठल्याशा मंडळाला चांगलंच फैलावर घेतलं, की लोक वकिलांविरुद्ध तक्रारी करतात त्या तुम्ही ऐकून का घेत नाही, न ऐकताच निकालात कशा काढता. बातमी चारच ओळींची. मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि पेपर आपटला. नात आतून पळत आली, "आजी, काय झालं गं?" म्हटलं, "काही न्हाई, तुझ्या आईच्या लहानपणचं भांडण हाय, तुझा काय संबंध?" ती हसत गेली. मी मात्र तेव्हापासून धुसफुसतेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला पाहिलेलं माणूस आता परभणीत हुडकावं लागंल, आणि मी इथं पेडगावात ओसरीवर बसून तुमच्याशी तोंडातल्या तोंडात भांडायलेय. लोक म्हणतील, म्हातारी चळली. त्यापेक्षा लिहूनच टाकते सगळं. लिहायला तुम्हीच शिकवलंत मला, आता भोगा.

तुम्ही परभणीतले वकील, माझा बाप तुमचा मुन्शी. तो तापानं गेला तेव्हा मी परकरातली. भावकीतले लोक आईला विचारायला लागले, आता जाणार कुठं? तर तुम्ही ओसरीवरनंच म्हणालात, "कुठं जातील? इथंच ऱ्हातील. मुन्शीची पोर ती माझी पोर." त्या एका वाक्यावर आम्ही मायलेकी तुमच्या घरात राहिलो, आई काकूंच्या हाताखाली आणि मी काकूंच्या पायात पायात. ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढं आहे. चुलीशेजारी भाकरीची काटवट, खिडकीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं, आणि कोर्टात जायच्या आधी जेवायला बसलेले तुम्ही. मी पाटी घेऊन समोर. एरवी मराठी, आणि शुक्रवारी कोर्टाला सुट्टी म्हणून उर्दू. काकू कुरकुरायच्या, "पोरीच्या जातीला उर्दू कशाला? मुन्सफ व्हायचंय का तिला?" तुम्ही भात कालवता कालवता म्हणायचात, "निजामाचं राज्यच उर्दूत चालतंय, मग? कागदावर काय लिवलंय ते कळलं पायजे तिला. न्हाईतर कुनीबी येऊन अंगठा घेऊन जाईल." हे तुमचं बोलणं आहे काका, माझं नाही. धडा न अडखळता वाचला की तुमच्या तबकातलं एक पान खोबरं आणि खडीसाखर घालून मला मिळायचं. तुम्ही ते स्वतःच्या हातानं द्यायचात आणि मी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. तुमच्या हातचं पान म्हणजे शाबासकी. तेवढाच त्याचा अर्थ मला माहीत होता.

वकिलांची कमिटी मला ठाऊक होती तीही स्वयंपाकघरातूनच. कुणा पक्षकारानं आपल्या वकिलाविरुद्ध अर्ज केला की तो आधी तिघा वडीलधाऱ्या वकिलांपुढं यायचा. त्यांनी दोन्हीकडचं ऐकायचं, आपलं मत कळवायचं, आणि मग कोर्ट काय करायचं ते करणार. तिघांत मुख्य तुम्ही, आणि बैठक तुमच्याच दिवाणखान्यात, शुक्रवारी दुपारी. त्या दिवशी आम्ही बायका विडे लावायला बसायचो. काकू चुना लावायच्या, आई सुपारी कातरायची, मी लवंग टोचायची. तुमचा विडा वेगळा. त्यात कात नाही, चुना अगदी नखावर मावेल एवढा, कारण तुमची जीभ लगेच भाजायची. आणि टोचलेली लवंग तुम्ही खायचा नाहीत. ती काढून शेरवानीच्या खिशात टाकायचात, कोर्टात बोलायला उभं राहण्याआधी तोंडात धरायला. धोब्याकडं शेरवानी द्यायची वेळ आली की काकू त्या खिशातून लवंगा झटकायच्या आणि तुम्हाला शिव्या घालायच्या. दिवाणखान्यातून तबक रिकामं होऊन परत यायचं. ती पानं कशाची, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. आल्यागेल्याला देतात तशी, असंच वाटायचं.

तुम्ही मला पोखर्णीच्या नरसिंहाला नेलं होतं, आठवतं? सगळं घर बैलगाडीत. पुजाऱ्यानं विचारलं, लेकरं किती? तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालात, "ही थोरली." काकू नुसत्या हसल्या. मी येताना गाडीत झोपेचं सोंग घेऊन पडले होते, आणि मनात तेच घोळवत होते, ही थोरली, ही थोरली. एवढ्याशा पोरीला त्यानं किती आधार वाटतो ते तुम्हाला कळलं नसणार. पुढं पेडगावचं स्थळ तुम्हीच पाहिलंत, कन्यादानाला तुम्ही आणि काकूच बसलात. सासरी मला कुणी माहेर विचारलं तर मी ताठ मानेनं परभणीच्या वकिलाचं घर सांगायची.

मग नवरा पटकीनं गेला. संध्याकाळी रानातून आला तो आजारी, दुसऱ्या दिवशी नव्हता. लेक माझ्या कडेवर. वाटण्या कधीच झाल्या होत्या, बांध पडले होते, दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या होत्या, अख्ख्या पेडगावाला ठाऊक. तरी दिरानं दावा लावला, की वाटण्या झाल्याच नाहीत, रान सगळं एकत्र आहे आणि भावामागं ते त्याचं एकट्याचं आहे. म्हणजे मी आणि लेक त्याच्या दारच्या आश्रित. मी तडक तुमच्याकडं आले. तुम्ही म्हणालात, "मी घरचा मानूस. मी उभा ऱ्हायलो तर लोक म्हनतील, पोरीसाठी बोलायलाय. ह्यो माझ्या पाठच्या भावासारखा हाय, ह्याला दे." आणि तुमच्या दोस्ताला माझं वकीलपत्र दिलंत. मला वाटलं, काकांचा दोस्त म्हणजे काकाच.

त्या भल्या माणसानं काय केलं, ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला पुन्हा सांगायचंय. तारखेच्या दिवशी मी लेकीला घेऊन कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसले होते. तो आला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, साहेब दौऱ्यावर हायेत. आज काही व्हायचं न्हाई. लेकराला उन्हात घेऊन कशाला बसायलीस? जा घरी." मी त्याला दुवा देत देत घरी गेले हो! आणि माझी पाठ वळल्यावर त्यानं आत जाऊन माझ्या वतीनं राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद दिला, की रान दिराचं, आणि मला दोन वेळची भाकरी नि वर्षाचं लुगडं. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार होताच. मला कळलं कधी? तर पेरणीच्या दिवशी, माझ्या रानात दिराची तिफण चाललेली पाहून. मी बांधावरनं ओरडले, तर दीर तिफण न थांबवता म्हणाला, "माझ्यावर काय वरडायलीस? तुझ्याच वकिलानं कबूल केलंय कोर्टात."

तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात. खरंच उठलात, ते मी विसरलेले नाही. म्हणालात, "अर्ज लिव्ह. तूच लिव्ह, उर्दूत. त्याची वकिलीची सनद जाईपर्यंत मी गप बसत नसतो." मी लिहिला. तुम्ही एकच शब्द दुरुस्त केलात, आणि म्हणालात, "कमिटी बसंल तवा भ्यायचं न्हाई. झालं तसं सांगायचं. मी हाय ना." वकिलाची लबाडी शाबीत झाली तर राजीनामा उलटतो आणि रान परत मिळतं, हेही तुम्हीच समजावलंत. मी पेडगावला परत जाताना वाटेत लेकीला सांगत गेले, आपलं रान येतंय गं परत, काकाआजोबा हायेत.

कमिटी बसली तो शुक्रवार. ज्या दिवाणखान्यात मी लहानपणी तबक नेऊन उंबऱ्यापाशी ठेवायची, तिथं पहिल्यांदाच आत गेले. तुम्ही मधे, दोन बाजूंना दोघं, आणि तुमचा तो दोस्त भिंतीशी मान खाली घालून, जशी काही त्याचीच सोयरीक मोडली. मी मनात सगळं घोकून आले होते. कुठून सुरुवात करायची, लिंबाखालचं कसं सांगायचं. तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही तबकातलं पान उचललंत आणि हसून माझ्यापुढं धरलंत. "लांबनं आलीस पोरी. आधी पान घे." काका, तो आवाज धडा वाचून घेतल्यानंतरचा होता. मी दोन्ही हात पुढं केले. घेतलं. तोंडात घातलं नाही, बोलायचं होतं म्हणून मुठीत ठेवलं, आणि वाट बघत बसले की आता विचारतील. कुणी काही विचारलं नाही. उजवीकडच्यानं कागदावर काहीतरी खरडलं, डावीकडच्यानं रुमी टोपी चढवली, तुमचा दोस्त माझ्याकडं न बघता जोडे घालायला गेला. मी म्हटलं, "अहो, माझं बोलनं व्हायचंय अजून!" तुम्ही माझ्याकडं पाहिलंच नाहीत. तबक बाजूला सारत म्हणालात, "झालं सगळं. घरात जा, काकू वाट बघायलीय."

मी स्वयंपाकघरात आले तेव्हा मूठ अजून मिटलेली होती. काकूंनी ती उघडली, पान बघितलं आणि मटकन खाली बसल्या. त्यांनाही त्याच दिवशी कळलं. तुम्ही मागनं आलात, आणि मग सांगितलंत ते, जे आधी सांगायला हवं होतं. कमिटीचं पान घेतलं म्हणजे तक्रारदाराचं समाधान झालं. बापजाद्यांपासूनचा रिवाज. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, पान दिलं, घेतलं, मिटलं. कागदावर तसं लिहूनही झालं. मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?" तर म्हणालात, "एका वकिलाची सनद गेली तर उद्या उठून गावातला प्रत्येक जण आमच्या अंगावर येईल. बारची अब्रू जाती पोरी. तुला काय कमी पडायलंय? तू आन् तुझी लेक, दोघींला जन्मभर मी पोसतो." काय दिलदार हो तुम्ही! मला तुमची भाकरी नको होती. मला माझं रान पाहिजे होतं. आणि त्याहून जास्त, त्या दिवाणखान्यात एकदा तुम्ही मला म्हणायला पाहिजे होतं, बोल. परक्या माणसानं फसवलं त्याचं मला एवढं लागलं नाही. तुम्ही माझ्या लहानपणचं पान घेऊन मला फसवलंत, माझ्यावरच्या मायेचा गळ केलात. ते पान मी चुलीत टाकलं आणि लेकीला उचलून निघाले. काकू दारापर्यंत आल्या. त्या दिवसापासून कमिटीला विडे घरातून गेले नाहीत, बाजारातून आणावे लागले, हे मला पुढं आईकडून कळलं.

हैदराबादच्या मोठ्या अदालतीला मी स्वतः अर्ज केला. तुम्ही शिकवलेल्या अक्षरात. रानाचं त्यात कमीच लिहिलं. एवढंच विचारलं, की तक्रार ऐकून घ्यायचं काम ज्यांना दिलंय त्यांनी ती ऐकलीच नाही, तर ते काम झालं असं म्हणता येतं का? मला वाटलं नव्हतं कुणी उत्तर देईल. पण बोलावणं आलं, कमिटीच्या मुख्यालाही आलं. जर्मनच्या लढाईचे दिवस, आगगाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई, मी आणि लेक दारापाशी बसून गेलो. त्याच गाडीत पुढच्या डब्यात तुम्ही होतात. हैदराबादेत काचीगुड्याच्या ठेसनावर उतरताना मला तुमची शेरवानी दिसली आणि मेली सवय बघा, मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

जज्जसाहेब म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. त्यांनी आधी तुम्हाला विचारलं, "आप इस औरत को पहले से जानते हैं?" का विचारलं, ते मला कळत होतं. घरच्या माणसाची तक्रार घरच्या माणसानं मिटवली, तर ते मिटवणं कसलं? तुम्हीही ते ओळखलंत. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही समोरच्या भिंतीकडं बघत म्हणालात, "जी नहीं. शिकायत से पहले कभी देखा नहीं."

ही थोरली, काका. पोखर्णीला माझ्या डोक्यावर हात ठेवला होतात. मला क्षणभर ऐकूच येईना. आईनं तोंडात पदर कोंबला.

मग त्यांनी मला विचारलं, पान घेतलं होतं का. घेतलं होतं, म्हटलं. रिवाज माहीत होता का? नव्हता. मग का घेतलं? लेक कडेवर चुळबुळ करायलेली. खरं सांगावं तर तुम्ही खोटे ठरणार, न सांगावं तर माझं घेणंच कबुली ठरणार. शेवटी म्हटलं, "काका ने दिया, इसलिए लिया. वकील ने दिया होता तो पूछ के लेती." जज्जसाहेब म्हणाले, "कौन काका?" मी तुमच्याकडं बोट केलं. ते म्हणाले, वकीलसाहेब तर म्हणतात कधी पाहिलं नाही. तेव्हा माझा तोल सुटला. मोडक्यातोडक्या उर्दूत मी सांगत सुटले, की ह्यांचा विडा मी लावत होते साहेब, ह्यांना कात चालत नाही, चुन्यानं जीभ भाजते, आणि लवंग खात नाहीत, खिशात ठेवतात, जबानीच्या आधी तोंडात टाकायला. हे मी बोलले आणि काका, तुमचा हात आपसूक शेरवानीच्या खिशाकडं गेला. अर्ध्यावर थांबला, पण सगळ्यांनी बघितला. कुणी हसलं नाही. जज्जसाहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि एवढंच विचारलं, आजवर तुमच्या कमिटीपुढं आलेल्या तक्रारींपैकी पानाशिवाय किती संपल्या? तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, एकही नाही.

हुकूम माझ्या बाजूनं झाला. पान म्हणजे कबुली नव्हे, तक्रारदाराला विचारल्याशिवाय तक्रार मिटत नाही, आणि चौकशी पहिल्यापासून करायची, ती परभणीच्या कमिटीनं नाही. पुढं तुमच्या दोस्ताची सनद गेली, राजीनामा रद्द झाला, नव्यानं दावा चालला आणि रान आलं. कमिटीवरून तुम्हाला उतरवलं. त्याहून जास्त कुणी काही केलं नाही, वकिली तुमची चालूच राहिली. मी परभणीला गेले की तुमची आळी टाळायची. निजामाचं राज्य गेलं त्याच्या आतच तुम्ही गेलात. काकूंनी माणूस धाडला होता. मी आले नाही. तेराव्यानंतर काकूच पेडगावला आल्या, दिवसभर माझ्या रानातल्या बांधावर बसल्या, हरभऱ्याचे घाटे सोलून माझ्या लेकीला भरवले आणि तुमचं नावही न काढता गेल्या.

लोक अजून मला म्हणतात, बाई लय खंबीर, सख्ख्यासारख्या माणसाविरुद्ध हैदराबादपर्यंत गेली. मी ऐकून घेते. नातही तेच सांगते मैत्रिणींना. हे रान तिच्या आईच्या नावावर आहे, त्यावर तिचं शिक्षण झालं, म्हणून तिला मोठा अभिमान. आता बाहेरून विचारायलीय, "आजी, येवढं लांबलचक कुनाला लिवायलीस?" सांगितलं, कुणाला नाही. खोटं नाही ते. हे जायचं कुठं? तुमच्या घराचा पत्ता अजून पाठ आहे, पण तिथं आता दुसरेच लोक राहतात.

तेव्हा तुम्हालाच सांगते. जज्जसाहेबांनी तुम्हाला विचारलं ना, हिला ओळखता का? त्या वेळी तुम्ही माझ्याकडं बघून नुसतं "हो, आमचीच पोर हाय" म्हणाला असतात, तर मी तिथल्या तिथं अर्ज मागं घेतला असता. लेक कडेवर होती तरी घेतला असता, आणि रान सोडून तुमच्या मागोमाग गाडीत बसले असते.